२१४ एंगेज आहे का? ऑपरेटरच्या बटणांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, किंवा जे बसमध्ये आहेत आणि इअरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

बँकेत, मोठ्या हॉस्पिटलमध्ये, हॉटेलच्या रिसेप्शनवर ऑपरेटरच्या फोनला चिकटून एक बटणांचा डबा असतो. चाळीस बटणं, कधी साठ. प्रत्येक बटणाशेजारी बारीकसा दिवा आणि प्लास्टिकच्या पट्टीखाली सरकवलेला कागद: बिलिंग, ओटी, फार्मसी, डॉक्टर रूम २. आपण समोर उभे असतो, समोरची व्यक्ती न बघता एक बटण दाबते, "होल्ड करा हं" म्हणते आणि फोन जोडून देते. या डब्याला धंद्यातली माणसं डीएसएस कन्सोल म्हणतात, डायरेक्ट स्टेशन सिलेक्शन. आणि त्या दिव्यांना म्हणतात बीएलएफ, म्हणजे बिझी लॅम्प फील्ड. बटण फोन जोडतं, दिवा सांगतो की पलीकडचा माणूस आत्ता मोकळा आहे की एंगेज.

मागच्या उन्हाळ्यात असा एक कन्सोल बसवायचं काम माझ्याकडे आलं. त्याबद्दल पुढे सांगतोच. काम हातात घेतल्यावर मला एक साधा प्रश्न पडला. बटण असायला हवं हे समजतं, पण दिवा कशासाठी? फोन एंगेज असेल तर टूं-टूं ऐकू येतंच की. मग चाळीस दिवे लावायची गरज कुणाला आणि कधी पडली? उत्तर शोधायला लागलो तर पार १८७८ पर्यंत जावं लागलं.

२८ जानेवारी १८७८. अमेरिकेतलं न्यू हेवन नावाचं गाव. तिथे जगातलं पहिलं व्यावसायिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. बरोबर चार वर्षांनी, तारीखसुद्धा तीच, २८ जानेवारी १८८२ ला भारतात कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथली एक्स्चेंज सुरू झाल्याची घोषणा झाली. ओरिएंटल टेलिफोन कंपनी नावाची खासगी कंपनी ती चालवायची. सरकारच्या हातात मुंबईचं टेलिफोन जाळं आलं ते थेट १९४३ मध्ये.

सुरुवातीला बोर्डावर तारघरातली पोरं बसवायचे. ती ग्राहकांना उलट बोलायची, मस्ती करायची. मग १ सप्टेंबर १८७८ ला बॉस्टनमध्ये एमा नट नावाची बाई ऑपरेटर म्हणून कामाला लागली आणि पुढची कित्येक दशकं हे बायकांचं काम झालं. मुंबईतसुद्धा अँग्लो-इंडियन आणि पारशी मुली या नोकरीत मोठ्या संख्येने होत्या.

आता बोर्ड कसा चालायचा ते नीट बघू, कारण सगळी गोष्ट त्यात आहे. समोर एक उभी लाकडी फळी, तिच्यावर ओळीने भोकं. प्रत्येक भोक म्हणजे एक फोन. त्याला जॅक म्हणायचे. कुणी रिसीव्हर उचलला किंवा हँडल फिरवलं की त्याच्या जॅकजवळची छोटी झडप खट् करून खाली पडायची. नंतरच्या बोर्डांवर झडपेऐवजी दिवा आला. ऑपरेटरपुढे दोऱ्यांच्या जोड्या असायच्या, प्रत्येक दोरीच्या टोकाला पितळी प्लग. एक प्लग हाक मारणाऱ्याच्या जॅकमध्ये घालायचा, "नंबर प्लीज" विचारायचं, जोडीतला दुसरा प्लग हव्या त्या जॅकमध्ये घालायचा आणि कळ दाबून तिकडची घंटी वाजवायची. बोलणं संपलं की दोन्ही दोऱ्या ओढून काढायच्या.

ऑफिसातला छोटा बोर्ड असेल तर कोण एंगेज आहे हे वेगळं कळायची गरजच नव्हती. जॅकमध्ये दोरी अडकलेली आहे म्हणजे एंगेज. भोक रिकामं आहे म्हणजे मोकळा. साहेब कुणाशी बोलतायत, किती वेळ बोलतायत, सगळं त्या एका माणसाला माहीत, कारण प्रत्येक जोडणी त्याच्याच हातून गेलेली. अशा बोर्डाला पीएमबीएक्स म्हणायचे, मधला एम मॅन्युअलचा.

शहराच्या मोठ्या एक्स्चेंजमध्ये मात्र भानगड होती. तिथे एकच नंबर अनेक ऑपरेटरांच्या बोर्डांवर यायचा. माझ्यासमोरचं भोक रिकामं, पण दहा खुर्च्या पलीकडच्या बाईने त्याच नंबरात दोरी घातलेली असू शकते. मला कसं कळणार? त्यावर तोडगा मस्त होता. प्लग आत घालण्याआधी त्याचं टोक जॅकच्या कडेला नुसतं टेकवायचं. लाइन चालू असेल तर कानात बारीकसा 'टिक्' आवाज यायचा. आवाज आला की एंगेज, नाही आला की घाला प्लग. म्हणजे कोण एंगेज आहे हे सांगणारी जी पहिली खरी यंत्रणा होती, ती डोळ्यांसाठी नव्हती. कानांसाठी होती. हे लक्षात असू द्या.

मग आला आल्मन स्ट्राउजर. हा अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा धंदा करायचा. गावातल्या दुसऱ्या अंत्यविधीवाल्याची बायको टेलिफोन ऑपरेटर होती आणि याची गिऱ्हाइकं नवऱ्याकडे वळवायची, म्हणून चिडून याने ऑपरेटरलाच हटवणारं यंत्र बनवलं, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका कितपत खरी ते सोडा, पेटंट खरं आहे: १८९१. पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात त्याचं ऑटोमॅटिक एक्स्चेंज सुरू झालं. भारतात पहिलं ऑटोमॅटिक एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये सिमल्याला बसलं, ७०० लाइनचं. मुंबई-कलकत्ता सोडून सिमला का, तर उन्हाळ्यात सगळं सरकार तिकडे जायचं.

हेच तंत्र ऑफिसांत आलं आणि पीएमबीएक्समधला एम जाऊन ए आला, पीएबीएक्स. आता ऑफिसातल्या ऑफिसात फोन करायला ऑपरेटर लागेना. टेबलावरूनच तीन आकडे फिरवा, पलीकडचा फोन वाजतो. ऑपरेटरकडे राहिले फक्त बाहेरून येणारे फोन.

इथे गंमत झाली. बाहेरून फोन आला, "देशपांडे साहेबांना द्या." देशपांड्यांचा नंबर २१४. पण २१४ आत्ता २०७ शी बोलतोय हे ऑपरेटरला माहीतच नाही, कारण ती जोडणी तिने केलेलीच नाही! कालपर्यंत जिला सगळ्या ऑफिसची खबर होती ती आज आंधळी कोशिंबीर खेळते आहे. २१४ लावून बघा, एंगेज. परत बाहेरच्या माणसाकडे या, "थांबा." पुन्हा लावा, पुन्हा एंगेज. तोवर आणखी तीन लाइन वाजतायत.

दिव्यांची फळी आली ती यासाठी. यंत्राने जोडणीचं काम घेतलं तेव्हा त्याबरोबर ऑपरेटरची माहितीही गेली, आणि ती माहिती तिला परत देण्यासाठी प्रत्येक एक्स्टेन्शनमागे एक दिवा ओढावा लागला. माझ्या प्रश्नाचं उत्तर हे. मला स्वतःला हे फार आवडलं, कारण आपल्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे दर आठवड्याला होतं. एखादं काम ऑटोमॅटिक करतात, मग कळतं की त्या कामामुळे कुणाला तरी काहीतरी आपोआप समजत होतं, आणि मग डॅशबोर्ड बनवायला बसतात. बीएलएफ म्हणजे ऑफिसातला पहिला डॅशबोर्ड.

भारतात हे घराघरांतल्या लोकांच्या ओळखीचं झालं ते ऐंशीच्या दशकात. १९८० मध्ये सगळ्या देशात मिळून २५ लाखांपेक्षा कमी फोन होते. फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची. तुमच्या आजोबांच्या जुन्या व्हिजिटिंग कार्डावर नंबरापुढे 'पी.पी.' लिहिलेलं दिसेल, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा आहे, निरोप मिळेल. अशा काळात एखाद्या ऑफिसला चार लाइन मिळाल्या तर त्या चार लाइनवर साठ माणसं बसवायची, आणि त्यासाठी ऑफिसचं स्वतःचं छोटं एक्स्चेंज लागायचं. ऑगस्ट १९८४ मध्ये सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने सी-डॉट ही संस्था निघाली. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये, असा हिशोब. १९८६ मध्ये त्यांचं ग्रामीण एक्स्चेंज कर्नाटकात कित्तूरला लागलं हे बहुतेकांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते हे की १९८७ पर्यंत त्यांनी ऑफिसांसाठी १२८ लाइनचं खासगी एक्स्चेंजही तयार केलं होतं. आता त्याच्या नावात पुढे ई लागला, इलेक्ट्रॉनिक. ईपीएबीएक्स. भिंतीवर टांगलेली ती पेटी, शेजारी क्रोनच्या पट्ट्या, त्यांतून निघालेल्या रंगीत तारांचा गुंता. बाहेरच्या लाइनसाठी ० आणि ऑपरेटरसाठी ९, हे अजूनही बहुतेक ठिकाणी तसंच आहे.

त्यानंतर ऑपरेटर संपणार असं अनेकदा जाहीर झालं. "मराठीसाठी १ दाबा" वाली रेकॉर्डेड बाई आली. प्रत्येक टेबलाला थेट नंबर देता येऊ लागला. मग मोबाइल आला. ऑफिसला ऑपरेटर हवाच कशाला?

याचं एक उत्तर मुंबईत मिळालं, फार वाईट पद्धतीने. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कुलाब्याच्या ताजमहाल हॉटेलमध्ये दहशतवादी घुसले. शेकडो पाहुणे आपापल्या खोल्यांत. बाहेर काय चाललंय याची त्यांना कल्पना नाही, आणि गोळ्यांचा आवाज ऐकून दार उघडून बघावं हा माणसाचा स्वभाव. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूने डिसेंबर २०११ मध्ये ताजच्या कर्मचाऱ्यांवर लेख छापला, त्यात एक नोंद आहे. हॉटेलच्या टेलिफोन ऑपरेटरांना बाहेर सुरक्षित काढलेलं होतं. त्या परत आत गेल्या, पाहुण्यांना खोल्यांत फोन करून बाहेर पडू नका असं सांगता यावं म्हणून. पाहुण्यांना वाचवताना ताजचे ११ कर्मचारी त्या हल्ल्यात मारले गेले.

यात मला एक तांत्रिक गोष्ट दिसते ती सांगतो, भावनेचं तुम्ही तुमचं बघा. त्या रात्री रेकॉर्डेड आवाज काही कामाचा नव्हता. प्रत्येक खोलीत एकेक फोन करायचा, पलीकडून उचलला जातो का बघायचं, घाबरलेल्या माणसाचं ऐकायचं, त्याच्या भाषेत सांगायचं, ठेवायचं, पुढची खोली. आणि हे सगळं बसल्या जागी होऊ शकतं ते एकाच ठिकाणाहून, जिथून हॉटेलातला प्रत्येक फोन हाताशी आहे. ते ठिकाण म्हणजे ऑपरेटरची खोली. ज्या कन्सोलला आपण रिसेप्शनवरची जुनी वस्तू समजतो, तो इमारतीतल्या प्रत्येक माणसापर्यंत पोचायचा एकमेव रस्ता असू शकतो.

आता दुसरी बाजू. ऑपरेटर लागतो हे मान्य. पण महाराष्ट्रात या खुर्चीवर कोण बसायचं? तुमच्या घरी कुणी बँकेत, रेल्वेत किंवा सरकारी ऑफिसात नोकरीला असेल तर विचारून बघा. ते सांगतील, "आमच्याकडे बोर्डावर एक अंध गृहस्थ होते, आवाजावरून सगळ्यांना ओळखायचे."

हा योगायोग नव्हता. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी आर्थर पिअरसन यांनी १९१५ मध्ये लंडनला सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली. तिथे शिकवल्या जाणाऱ्या कामांत टेलिफोन ऑपरेटिंग होतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, याच नावाचं वसतिगृह भारतीय अंध सैनिकांसाठी डेहराडूनला सुरू झालं. मुंबईत १९५२ मध्ये नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे नॅब, स्थापन झाली आणि तिच्या प्रशिक्षणांतही टेलिफोन ऑपरेटिंग आलं. खुर्च्या विणणं, खडू-मेणबत्त्या बनवणं यापलीकडे, पगार आणि पेन्शन असलेली, ऑफिसात टेबल असलेली ही नोकरी होती. एखाद्या घरात लग्न जमण्यापर्यंत फरक पडायचा तिने.

आणि हे काम अंध माणसाला जमायचं कसं? बोर्ड कसा होता ते आठवा. झडप पडली तर खट् आवाज, शिवाय बोटाने चाचपता येते. दोरी अडकली आहे की नाही ते हाताला कळतं. जॅक ओळीने, म्हणजे मोजता येतात. एंगेजची खूण, मोठ्या बोर्डावर, कानात. त्या लाकडी फळीला डोळ्यांची फारशी गरजच नव्हती.

मग आल्या दिव्यांच्या फळ्या. खट् गेलं, दोरी गेली, हाताला लागतील अशा सगळ्या खुणा गेल्या. गुळगुळीत बटणं आणि शेजारी एलईडी. ज्यांनी हे कन्सोल बनवले त्यांनी काही वाईट हेतूने केलं नाही, दिवा स्वस्त आणि सोपा होता म्हणून दिवा लावला. पण डोळस ऑपरेटरला गेलेली माहिती परत मिळाली आणि अंध ऑपरेटरला मिळाली नाही. परदेशात यावर लाइट प्रोब नावाचं उपकरण निघालं. पेनासारखी कांडी, टोकाला प्रकाश ओळखणारा सेल. दिव्यावर टेकवली की आवाज करते. एकेका दिव्यावर कांडी फिरवत एंगेज शोधायचा. चालायचं, पण चाळीस दिवे आणि वाजणारे चार फोन अशा वेळी किती चालणार.

कायद्याने आपल्याकडे बाजू सावरली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण आलं, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. टेलिफोन ऑपरेटर हे त्यासाठी ठरवलेल्या पदांपैकी ठळक पद. २०१६ च्या नव्या कायद्याने आरक्षण ४ टक्के केलं. पण पद राखीव असून काय, पदच उरलं नाही तर? कायदा जागा राखतो, जागा निर्माण करत नाही. माणूस निवृत्त झाला की "आता मोबाइल आहेत" म्हणून खुर्ची रिकामी राहते. याबद्दल मी रागावलोय हे लपवत नाही.

आता माझं काम. धंतोलीतलं एक हॉस्पिटल. नागपूरकरांना धंतोली म्हणजे काय ते सांगायला नको, दर चौथ्या दारावर डॉक्टरची पाटी. जुनं ईपीएबीएक्स मे महिन्याच्या गरमीत बसलं. ते ठेवलं होतं त्याच खोलीत कूलर, आणि कूलरची दमट हवा थेट कार्डांवर. त्याजागी नेटवर्कवर चालणारं, अ‍ॅस्टरिस्क या मोफत सॉफ्टवेअरवरचं एक्स्चेंज लावायचं ठरलं. एका विक्रेत्याने त्याआधी व्यवस्थापनाला सल्ला दिला होता की रेकॉर्डेड मेनू लावा, ऑपरेटरची गरज नाही.

ऑपरेटर म्हणजे काका. साठी ओलांडलेले, जन्मापासून दिसत नाही. तरुणपणी मुंबईला दोऱ्यांच्या बोर्डावर शिकले, नंतर नागपुरात सरकारी नोकरी केली, निवृत्तीनंतर इथे. मी नवा फोन आणि त्याला जोडायची चाळीस बटणांची दोन मॉड्यूल घेऊन गेलो. काकांनी बोटं फिरवून बटणं मोजली, ओळी मोजल्या आणि म्हणाले, "दिवा लागून राहिला का विझून राहिला, त्याचं मला काय करायचं रे? एंगेज कसं कळेल ते सांग."

जुन्या सिस्टिमवर ते काय करायचे? फ्लॅश दाबून एक्स्टेन्शन लावायचं, एंगेज टोन आला की पुन्हा फ्लॅश दाबून बाहेरच्या माणसाकडे परत. म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वीची ती पीएबीएक्सवाली ऑपरेटर, दिवे यायच्या आधीची. रक्तपेढी लावायची असेल आणि ती एंगेज असेल तर प्रत्येक प्रयत्नात काही सेकंद जातात, पलीकडे बसलेल्या नातेवाइकाचा जीव टांगणीला.

आता थोडं तंत्र, थोडंच. आजच्या नेटवर्कवाल्या सिस्टिममध्ये दिव्याला वेगळी तार नसते. ऑपरेटरचा फोन एक्स्चेंजला सांगतो, "२१४ चं काही बदललं तर मला कळव." याला सबस्क्राइब म्हणतात, यूट्यूबवर करतो तसंच. २१४ वाजला, उचलला, ठेवला की प्रत्येक वेळी एक्स्चेंज एक छोटा संदेश पाठवतं, नोटिफाय. याचे नियम २००५ मध्ये आरएफसी ४२३५ या कागदात लिहून ठेवलेत. अ‍ॅस्टरिस्कमध्ये त्यासाठी प्रत्येक एक्स्टेन्शनमागे एक ओळ लिहावी लागते, तिला हिंट म्हणतात. ती ओळ नसेल तर दिवा कधीच लागत नाही, आणि नवशिके फोनला दोष देत बसतात.

तो संदेश उघडून बघितला आणि माझं काम सोपं झालं. त्यात रंग नसतो. लाल नाही, हिरवा नाही, दिवा हा शब्दही नाही. साधा मजकूर असतो: बोलणं चालू आहे, वाजतंय, संपलं. त्या मजकुरावरून दिवा लावायचा हे फोन बनवणारा ठरवतो. म्हणजे माहिती काकांच्या टेबलापर्यंत येतच होती, शेवटच्या इंचाला तिचा उजेड केला जात होता.

अ‍ॅस्टरिस्क हीच माहिती आकड्यांतही देतं. ० म्हणजे मोकळा, १ म्हणजे चालू, ८ म्हणजे वाजतोय, ४ म्हणजे तो फोन संपर्कातच नाही. काकांच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हे स्क्रीन वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर आधीच होतं. मी पायथॉनमध्ये शंभरेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली, जी हे आकडे ऐकते आणि बोलते.

पहिल्या दिवशी ती चाळीस एक्स्टेन्शनचं सगळं बोलत होती. काकांनी पाच मिनिटांत बंद करायला लावली. "बाजार भरवला तू माझ्या कानात." मग त्यांनी बसून सांगितलं, आणि मी लिहून घेतलं. सगळ्यांचं आपणहून बोलायचं नाही. मी एक्स्टेन्शनचे आकडे टाइप केले की त्याच एकाचं सांगायचं. आपणहून बोलायचं फक्त तिघांचं: आयसीयू, ओटी आणि रक्तपेढी, तेही एंगेजचे मोकळे झाले तरच. मराठी आवाज नको, हळू आहे. आणि शब्दही नको, दोन सूर दे. मोकळ्याला वरचा, एंगेजला खालचा. "आमच्या वेळी बोर्डावर टिक् यायचं तसं."

शब्द ठेवला तो एकाच गोष्टीसाठी, ४ साठी. तेव्हा स्क्रिप्ट म्हणते "बंद". दिव्याच्या कन्सोलवर हीच गडबड होते: काही फोनमध्ये मोकळ्या एक्स्टेन्शनचा दिवा विझलेला असतो आणि तार निघालेल्या मेलेल्या फोनचाही विझलेलाच असतो. बघणाऱ्याला दोन्ही सारखेच. दुसऱ्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सिंग स्टेशनची केबल निघाली. दुपारी जेवायच्या सुट्टीत काकांच्या जागी बसणाऱ्या रिसेप्शनच्या मुलीला कन्सोलवर काही वेगळं दिसलं नाही. काका परत आले, त्यांनी आकडे टाकले, "बंद" ऐकलं आणि वर माणूस पाठवला. त्यानंतर मी तिच्या कन्सोलवर मोकळ्यासाठी हिरवा दिवा लावून दिला, म्हणजे अंधार दिसला की फोन मेला हे तिलाही कळावं.

बटणांच्या पट्टीखालच्या कागदावर मराठीत छापील नावं टाकली, आणि काकांनी आयसीयू, ओटी, रक्तपेढी या तीन बटणांवर स्वतःच्या पाटी-सळईने टोचलेले ब्रेलचे तुकडे चिकटवले. व्यवस्थापनाने रेकॉर्डेड मेनू लावला, पण रात्री ११ ते सकाळी ७ एवढ्याच वेळापुरता. त्या वेळात ९ दाबलं की फोन कॅज्युअल्टीत वाजतो. सकाळी ७ नंतर काका उचलतात.